बाभळीखालची मरळ

१६ जून १९७१, बुधवार

आजही रिकामा. सकाळच्या पॅसेंजरने काष्टी, तिथून वाडीपर्यंत तीन मैल पायी, आणि दिवसभर तळ्यातून शेवाळ काढलं. हवालदार बांधावर बसून मोजत होते. "अकरा. अकरा येळा शेवाळ घावलं, संपादक. म्हशीला घातलं असतं तर दूद तरी दिलं असतं."

मी उपसंपादक आहे हे दोनदा सांगून झालं. "उप कशाला जोडायचं? मी बी नाईक हुतो तवा घरी हवालदारच सांगायचो."

बावीस वर्षं नगरच्या छावणीत गाडी चालवली त्यांनी. सुरुवातीला एका गोऱ्या मेजरची जीप. मेजर देश सोडताना त्यांना काठी, चरखी आणि ही विद्या देऊन गेला: शिशाचं डोकं, त्यात ओतलेला गळ, मागे कोंबड्याच्या मानेची पिसं. आमिष नाही, गांडूळ नाही. त्याला जिग म्हणायचं. "जिग म्हंजी नाच. सायबानंच सांगितल्यालं."

एप्रिलात तळ्याच्या ठेक्याची बातमी करायला गेलो होतो. ठेका हवालदारांच्या नावावर. बातमी चार ओळींची झाली, मी मात्र दर बुधवारच्या सुट्टीला जायला लागलो. वय बावन्न. रोज दुसऱ्यांची वाक्यं सरळ करतो, इथे एक दोरा सरळ पडत नाही.

घरी सुमनने विचारलं, "आज?"

"शेवाळ."

"बरं झालं." गळ्यात माळ आहे तिच्या. मासे धरा, घरात आणू नका, एवढीच अट.

१८ जून, शुक्रवार

फोरमनकडून ओंजळभर झिजलेले खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे टाइप, मागून घेतले. छापखान्यात अशा खिळ्यांचा ढीग आहे, वितळवायला जाणारच होते. तरी खिशात टाकताना इकडेतिकडे पाहिलं.

"कशाला हवेत, साहेब?"

"मासे धरायला."

"अक्षरांनी?" म्हणाला, आणि सगळ्या कंपोझिटरांना ऐकवलं.

२३ जून, बुधवार

हवालदारांच्या (पुढे ह.) परसात खिळे वितळवले. लोखंडी पळी, चुलीवर. विटेत कोरलेला साचा. गळ आधी साच्यात बसवायचा, मग शिसं ओतायचं. ह. नाराज. "लई कडक हाय तुमचं शिसं. शिक्षान जास्त झालंय." पण सहा जिग निघाल्या. पिसं बांधायचं काम त्यांच्या सुनेचं, कौसल्याचं. सातवी शिकलेली, बोटं हलकी. नवरा मिलिटरीत, पंजाबात कुठेतरी.

दुपारी तळ्यावर धडा. जिग तळाला जाऊ द्यायची, वीतभर उचलायची, पुन्हा पडू द्यायची. मासा ती पडताना घेतो. ओढताना नव्हे. मी सारखा ओढतो.

"पडू द्या की जरा! कुनी मागं लागलंय का तुमच्या?"

लागलेलंच असतं. तीस वर्षं रात्री साडेअकराला पान मशीनवर जातंय. पडू देणे हा प्रकार मला शिकवलेलाच नाही कोणी.

२४ जून, गुरुवार

रविवारच्या पुरवणीतलं सदर दिलं. "सुट्टीचा दिवस". या वेळी शेवाळ आणि खिळे. नाना (आमचे संपादक) वाचताना दोनदा हसले. त्यांच्या हिशेबात हे पुष्कळ. लिहिणं सोपं गेलं. स्वतःची फजिती लिहायला नेहमीच सोपी जाते, कारण त्यात आपण चांगले दिसतो.

पुरवणी दर आठवड्याला पोस्टाने वाडीला पाठवतो. मंगळवारी पोचते. कौसल्या वाचून दाखवते.

३० जून, बुधवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून ठेवतो.

पूर्वेच्या काठाला एक वाकडी बाभूळ आहे, अर्धी पाण्यात. तिच्याखाली पाण्यावर गुलाल सांडल्यासारखा तांबूस ठिपका. घमेल्याएवढा. ठिपका हलत होता. ह. नी माझ्या मनगटाला धरून खाली बसवलं. पिलं. हजारो असतील, भाताच्या दाण्याएवढी. हवा प्यायला वर येत, पुन्हा खाली जात. आणि त्यांच्या खाली, हातभर पाण्यात, काळं लाकूड पडलं होतं. लाकडाला डोळा होता.

"मरळ. पिलं राखतीया. महिनाभर जाग्यावरनं हलत न्हाई, खात न्हाई. जवळ बेडूक आला तर बेडकाला फाडती. मागल्या साली माज्या पायाला धडकली हुती, खोटं न्हाई सांगत."

मी विचारलं, मग हिला धरणं सोपं असेल?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घेतला असता. "सोपंच हाय. काय बी टाका, त्वांडात घेती. भुकंनं न्हाई, रागानं. म्हनून तर मारायची न्हाई. ती गेली की आठ दिसांत खंड्या न् बगळं समदी पिलं साफ करत्यात. बाळंतिणीच्या दारात चोरी हाय ती. सायबाचा नियम हुता, माजा बी हाय."

ह. चा चुलतभाऊ भागवत पलीकडे जाळं झटकत होता. तळ्यावरचं जाळ्याचं काम त्याचं, विक्री त्याची, बाजारच्या दिवशी काष्टीला. त्यानेही एकदा अशी मरळ मारली होती म्हणे, दोन वर्षांपूर्वी, बायको बाळंत होती तेव्हा. घरात दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी स्वतःच येऊन सांगितलं. ह. नी त्याला पंधरा दिवस तळ्यावर येऊ दिलं नाही. हे सगळं त्याच्यादेखतच सांगितलं. भागवत हसून म्हणाला, "गुन्हेगार हजर हाय, साह्यब."

१ जुलै, गुरुवार

सदर दिलं. पिलांबद्दल लिहिलं नाही, जागा कळू नये म्हणून. तेवढी अक्कल होती.

नाना : "भाऊराव, चार आठवडे झाले. वाचकांची पत्रं येतात, मासा कधी? पुढच्या रविवारी मासा हवा. नाहीतर सदर बंद करू, पाककृती घालू."

"मासा माझ्या हातात नाही."

"तुमचं सगळं वेळेवर असतं."

७ जुलै, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवतो, कारण उद्या दुसरं लिहायचं आहे.

ह. पेन्शनच्या कामाला नगरला गेले होते. म्हणजे ते माझ्या गावात आणि मी त्यांच्या. तळ्यावर एकटा. भागवत जाळी घेऊन मागच्या ओढ्याकडे. पलीकडच्या घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं, कोण ते पाहिलं नाही.

सात ते अकरा सांडव्यापाशी. काही नाही. मधला खडक, काही नाही. बाराला भाकरी खाल्ली. मनात वाक्यं जुळत होती : "आजही मासा लागला नाही, पण…" हे "पण" मी तीन आठवडे वापरलंय.

एक वाजता बाभळीकडे गेलो. नुसतं बघायला. काठी हातात होती. गळ काढून ठेवला नव्हता.

तांबूस ठिपका तिथेच होता. काळं लाकूड तिथेच.

जिग टाकली. पहिली लांब पडली. हे लिहायला हवं : पहिली लांब पडली तेव्हा थांबता आलं असतं. दुसरी ठिपक्याच्या पलीकडे टाकली आणि त्याच्यामधून ओढली. पडू द्यायचीसुद्धा गरज लागली नाही. पाणी फुटलं. काठी हातातून जाता जाता राहिली. पाच मिनिटं, कदाचित दहा. काठावर आल्यावर ती चिखलात आपटत होती आणि तोंड पिलांकडेच वळवत होती. तसं मला वाटलं. माशाला कळतं की नाही, ती आई होती की बाप, मला माहीत नाही.

तीन किलोच्या आसपास. दगडाने डोकं ठेचलं. त्यात आनंदही होता. तोही लिहितो.

मासा ह. च्या घरी नेऊन दिला. कौसल्याने हातात घेतला, वजन पाहिलं. "कुटं घावली, काका?"

"तिकडे," मी म्हणालो आणि हात सगळ्या तळ्यावरून फिरवला.

"थोरली हाय," म्हणाली. एवढंच.

८ जुलै, गुरुवार

साडेसातशे शब्द, चाळीस मिनिटांत. कित्येक महिन्यांत इतकं चांगलं लिहून झालं नव्हतं. काठीचा बाक, चरखीचा आवाज, सगळं खरं. पिलं नाहीत. नानांनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "वा." फक्त वा.

९ जुलै, शुक्रवार

प्रूफ आलं. दुसऱ्या परिच्छेदात "वाकड्या बाभळीखाली" असं मीच लिहून गेलो होतो. हात सवयीने खरं लिहितो. ते खोडून "सांडव्यापाशी" केलं.

ओळ लहान झाली, पुन्हा जुळवावी लागली. फोरमन कुरकुरला, "एका जागेसाठी अख्खी ओळ, साहेब? मासा कुठे का मिळेना, वाचणाऱ्याला काय फरक?"

सही करून प्रूफ खाली पाठवलं.

११ जुलै, रविवार

छापून आलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने अभिनंदन केलं. सुमन वाचून म्हणाली, "तुम्ही फार छान लिहिलंय. मला माशाची दया आली." मी चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन बसलो.

१४ जुलै, बुधवार

लिहायला बसवत नाही. तरी.

ह. नी पुरवणी घडी करून देवापाशी ठेवली होती. मी पोचताच, "बसा, पुन्यांदा ऐकायचंय." ओटीवर कौसल्या वाचू लागली. भागवत भिंतीला टेकून जाळं विणत होता. ह. प्रत्येक वाक्याला मान हलवत. "आगदी बराबर. आगदी आसंच."

"सांडव्यापाशी" हा शब्द आला आणि कौसल्या थांबली. शब्द अडला म्हणून थांबावं तशी. वर पाहिलं, माझ्याकडे, आणि पुढे वाचू लागली.

भागवत : "सांडव्याला? ह्या दिसांत?"

ह. : "छापलंय त्ये."

"न्हाई, म्हंजी सांडव्याला पानी उथळ…"

"तुजं जाळं इन."

मग आम्ही दोघं तळ्यावर गेलो. मी म्हणालो, आज पश्चिमेकडे बसू. ते म्हणाले, आधी पिलं बघू, मोठी झाली असतील.

ठिपका ताटाएवढाही राहिला नव्हता. विस्कटलेला. बाभळीवर दोन खंड्या, पाण्यात पाचसहा बगळे उभे. ह. उकिडवे बसले. बराच वेळ खालच्या काळ्या पाण्यात पाहत राहिले. मी शेजारी उभा.

"गेली," म्हणाले. मग, "मारली कुनीतरी."

या ठिकाणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. बाहेर आलं ते हे : "साप वगैरे असेल का?"

"मरळीला साप?" उठले, धोतराला हात पुसले. "भागवत्या. दुसरं कोन हाय?"

बगळ्यांना दगड मारत त्यांनी अर्धा तास घालवला. मीही मारले.

१५ जुलै, गुरुवार

सदर : "पावसाळ्यातल्या रानभाज्या". नानांनी विचारलं, मासे संपले? म्हटलं, विश्रांती.

२१ जुलै, बुधवार

ठिपका वाटीएवढा.

ह. आणि भागवत यांचं बांधावर जुंपलं. भागवतने शपथ घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवीन म्हणाला.

"मागल्या येळला बी तूच मारलीस."

"मारली आन सांगितलं बी! आता मारली असती तर आता बी सांगितलं असतं! माजं ज्येवन हाय ह्या तळ्यात, मी कशाला पिलं उपाशी मारू?" मग माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "ह्यांस्नी इचारा की, सांडव्याला गुडघाभर पान्यात तीन किलूची मरळ कशी घावली त्ये."

ह. चा चेहरा लाल. "माज्या हातानं शिकिवलंय त्यांस्नी. शिकल्याला मानूस. नगरात पेपरात छापून आलंय. छापल्यालं खोटं, आन तू खरा?"

भागवतने खांद्यावरचं जाळं काढून ह. च्या पायाशी ठेवलं आणि गेला. मी हातातल्या दोऱ्याची गाठ सोडवत होतो. गाठ नव्हतीच.

परतीच्या गाडीत एकाने ओळखलं. "तुम्हीच ना ते मासेवाले?" हो म्हणालो.

२८ जुलै, बुधवार

श्रावण लागला. ह. महिनाभर मासा धरत नाहीत, खातही नाहीत. पण धडा बंद नाही. माझ्या जिगचा गळ त्यांनी पक्कडीने मोडून काढला. उरलं शिशाचं डोकं आणि पिसं. "हात बसू द्या. नुस्ता नाच. श्रावन सरला की नवा गळ मी सोता बांधून दीन."

बिनगळाची जिग टाकत बसलो. उचल, पडू दे. उचल, पडू दे. तिसऱ्या-चौथ्या वेळी पडता पडता दोरा मध्येच सैल झाला आणि टक् असा आवाज आला, आवाज नव्हे, बोटांना कळलं. मासा. घेतली आणि थुंकली. दुपारपर्यंत दोनदा.

म्हणजे आता येतं मला. तीन आठवडे थांबलो असतो तर…

भागवत दिसला नाही. जाळं ह. च्या ओटीवर तसंच पडून. पिलं दिसली नाहीत.

४ ऑगस्ट, बुधवार

ह. शेजारच्या गावी सप्ताहाला गेले होते. कौसल्याने पाणी दिलं, तांब्या घेतला, आत गेली नाही.

"काका, त्या दिशी मी धुनं धूत हुते."

मी रुमालाने तोंड पुसलं.

"मामंजींना म्या सांगितलं न्हाई. सांगनार बी न्हाई. त्येंचा लई जीव हाय तुमच्यावर. पेपर देवापाशी ठिवत्यात." मग, "पन भागवत मामांच्या घरात कालपास्नं रडारड चाललीया. मुकादम आल्ता."

"कसला मुकादम?"

"ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर कोयता घिऊन कारखान्यावर. धा वर्सं जात हुते. औंदाच राह्यले हुते हितं, मामंजींनी जाळ्याचं काम दिलं म्हून. पोरीचं नाव चौथीत घातलंय." तांब्या पदराने पुसत राहिली. "मी सून हाय, काका. मी कसं सांगू?"

ती मला लाजवायला बोलली नाही, हेच जास्त लागलं. काम कुणाचं आहे ते तिने दाखवून दिलं, इतकंच.

ह. येईपर्यंत थांबायचं ठरवलं. ते आले. "काय संपादक, हात बसला का?" बसला म्हणालो. गाडीची वेळ झाली होती.

११ ऑगस्ट, बुधवार

काष्टी स्टेशनवर उतरलो तो समोर भागवत. सायकलला कोयते बांधलेले, धार लावायला चालला होता.

"राम राम साह्यब. चालला का नाच शिकायला?"

मी म्हणालो, भागवत, मला तुमच्याशी बोलायचंय.

त्याने सायकल थांबवली, पायाने पायडल मागे फिरवत राहिला. वाट पाहत होता. खरोखर वाट पाहत होता, तोंडावर थट्टा नव्हती. मी म्हणालो, "ऊसतोडीला जाऊ नका. मी हवालदारांशी बोलतो."

"काय बोलनार?"

"की… तुम्ही तसे नाही म्हणून."

"आसं व्हय." सायकलवर बसला. "तुमची शिपारस काय नको आमाला."

शिफारस. बरोबर शब्द वापरला त्याने.

तळ्यावर न जाता पुढच्या गाडीने परत.

१२ ऑगस्ट, गुरुवार

चुकीची दुरुस्ती लिहिली. तीन ओळी. "११ जुलैच्या अंकातील 'सुट्टीचा दिवस' या सदरात मासा सांडव्यापाशी मिळाल्याचे म्हटले आहे. तो वाकड्या बाभळीखाली, पिले राखत असताना मारला होता." नानांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला. "कोर्टाची नोटीस आली?"

"नाही."

"वाचकाचं पत्र?"

"नाही."

"मग माशाने तक्रार केली?" कागद परत केला. "भाऊराव, खात्याखात्यांच्या दुरुस्त्या छापता छापता नाकी नऊ येतात. तुमच्या माशाची दुरुस्ती कोण वाचणार?"

मनात आलं, वाचणारं एकच घर आहे. बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर नानांनी नाही म्हटल्यावर हलकं वाटलं. छापलं असतं तर कौसल्याला ते मोठ्याने वाचावं लागलं असतं, माझ्याऐवजी. मी तिथे नसताना. मी शोधत होतो ती हीच सोय.

१८ ऑगस्ट, बुधवार

गेलो नाही. ह. ना पोस्टकार्ड : प्रकृती बरी नाही. प्रकृती उत्तम.

सुमनने पोस्टकार्ड पाहिलं. "काय होतंय तुम्हाला?" सगळं सांगितलं. ती ऐकत शेंगा सोलत होती. शेवटी म्हणाली, "त्या माणसाला कधी सांगणार?" मी म्हटलं, बघतो. "मला सांगून काय उपयोग, मी तर मासे खातही नाही."

२५ ऑगस्ट, बुधवार

गणपतीच्या पुरवणीमुळे सुट्टी रद्द. मागून घेतली असती तर मिळाली असती.

ह. चं पत्र आलं, कौसल्याच्या अक्षरात : "श्रावण सरला. प्रकृतीस जपावे. आपला गळ बांधून तयार आहे. येताना काही आणू नये." खाली ह. ची सही, एकेक अक्षर सुटं. त्याखाली कौसल्याने स्वतःहून एक ओळ घातली आहे : "भागवत मामा पुढच्या आठवड्यात मुकादमाला शब्द देणार आहेत."

१ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

जसं झालं तसं लिहितो.

ह. ओटीवर वाट पाहत होते. चुन्याची डबी उघडली, तिच्यात कापसावर नवी जिग. माझ्याच खिळ्यांच्या शिशाची, नवा गळ, तुऱ्यासारखी तांबडी पिसं. पिसं त्यांनी स्वतः बांधली होती, वेडीवाकडी. "सुनंला हात लावू दिला न्हाई."

हातात घेतली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. म्हणून घेतली नाही. उभ्यानेच म्हणालो, "हवालदार, बाभळीखालची मरळ मी मारली. सात जुलैला. तुम्ही पेन्शनला गेला होता. सांडवा खोटा आहे. तो शब्द मी नंतर बदलला."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

ते डबीकडे पाहत राहिले. मग विचारलं, "कितव्या फेकीला?"

"दुसऱ्या."

"म्हंजी पैली चुकली हुती."

"हो."

"मंग दुसरी टाकली."

"हो."

त्यांनी डबी बंद केली, बंडीच्या खिशात टाकली, पायताण घातलं. "मला सांगून काय व्हतंय. चला."

भागवतचं घर वाडीच्या टोकाला. तो पत्र्यावर दगड ठेवत होता. सहा महिने घर बंद राहणार म्हणून. बायको खाली उभी राहून दगड देत होती. ह. नी हाक मारली नाही. मीच मारली. पत्र्यावरूनच तो म्हणाला, "बोला की, आयकू येतंय."

मान वर करून सांगावं लागलं. सगळं, तारखेसकट. माझा आवाज बातमी वाचल्यासारखा येत होता, तो मला बदलता येईना.

भागवत ऐकून खाली उतरला. हात झटकले. "मला ठावं हुतं. पेपर आयकला तवाच. सांडव्याला पावसाळ्यात मरळ, शेंबड्या पोराला बी कळंल." मग ह. कडे वळला. "दादा, तुमाला बी ठावं हुतं."

मला वाटलं, ह. आता उसळतील.

ते उसळले नाहीत. ओट्याच्या कडेला बसले. "सांडवा म्हनल्यावर मला बी जरा…" म्हणाले आणि थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एवढा उंच माणूस, केवढासा दिसला. आजवर माझ्या वाट्याची लाज मी एकट्याची समजत होतो. त्यांच्याही वाट्याला घालून ठेवली होती.

भागवतच्या बायकोने तिघांना पाणी दिलं. मला शेवटी.

"जाळं ओटीवर हाय," ह. जमिनीकडे पाहत म्हणाले. "कवा बी ने."

"सबूद दिलाय मुकादमाला. परवा."

"सबूद परत घेता येतो."

"येतो व्हय?" भागवत म्हणाला. "मी तुमाला सबूद दिल्ता, मी न्हाई मारली म्हून. त्यो कुनी घेतला?" पुन्हा पत्र्यावर चढला. वरून बायकोला म्हणाला, "दे." तिने खालचा दगड उचलला, पण हातातच धरून उभी राहिली. "दे की." तिने दिला नाही. आम्ही निघेपर्यंत तरी नाही.

परत येताना ह. पुढे, मी मागे. ओटीपाशी पोचल्यावर मी काठी उचलली. थांबलो. डबी त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली नाही, मी मागितली नाही. ये म्हणाले नाहीत, येऊ नको असंही म्हणाले नाहीत.

कौसल्या कडेला उभी होती. "काका, गाडी चुकंल," म्हणाली.

२ सप्टेंबर, गुरुवार

सदर लिहिलं. नऊशे शब्द, चार तास. "वाकडी बाभूळ" पहिल्याच ओळीत. गावाचं नाव नाही, भागवतचं नाही, ह. चं नाही. नाव फक्त माझं. दुरुस्ती म्हणून नव्हे, सदर म्हणून दिलं. सदर वेळेवर आलं तर नाना सहसा वाचत नाहीत, थेट खाली पाठवतात. हे वेळेवर होतं.

आज मात्र त्यांनी वाचलं. दोनदा. टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलं. डाव्या बाजूचं छापलं जातं, उजव्या बाजूचं कधी जातं, कधी नाही.

छापलं गेलं तर मंगळवारी वाडीला पोचेल. मी तिथे सांगून आलोय, तेव्हा कौसल्या ते वाचेल तेव्हा कोणाला नवं काही कळायचं नाही. ते देवापाशी ठेवलं जाणार नाही, एवढं नक्की.

बुधवारी जाणार आहे. काठी घेऊन. गळ माझ्याकडे नाही.